६ ऑगस्टचा कार्यक्रम आणि अण्वस्त्रविरोधी संस्था : कुणाशी जोडून घ्यावं?

खाडीकाठ | २ जुलै, २१:१४

ठाण्यातल्या आणि वाशी-नेरूळच्या वाचनगटांनी मिळून येत्या ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन पाळायचं ठरवलं आहे. सकाळी शाळकरी मुलांसाठी चित्रप्रदर्शन आणि कागदी पक्षी (घडी घालून केलेले क्रौंच, हिरोशिमाच्या स्मृतीचं चिन्ह), संध्याकाळी सभागृहात व्याख्यान आणि निवेदनावर सह्या, आणि जमलंच तर शांतता फेरी आणि ठाण्याच्या मासुंदा तलावात कागदी दिवे.

घोडं अडलंय ते एका ठिकाणी. हे सगळं आपल्याच नावाने करावं की अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या एखाद्या मोठ्या संस्थेशी जोडून घ्यावं? आयकॅन, शहरांची मेयर्स फॉर पीस, डॉक्टरांची आयपीपीएनडब्ल्यू, शास्त्रज्ञांची पगवॉश, दिल्लीची सीएनडीपी अशी नावं समोर आली आहेत. कोण नेमकं काय करतं, कुणाकडून काय मिळतं, कुणामुळे कागदपत्रांचा व्याप वाढतो, हे जाणकारांनी सांगावं.

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" हा प्रश्न गटात विचारून झाला आहे. तो सोडून बाकी काहीही विचारा. :)

चहाटपरी | २ जुलै, २१:३१

निषेध करायचाच तर घोडबंदर रोडचा करा. तिथे बॉम्ब न टाकताच विवरं पडली आहेत.

लिखितंग | २ जुलै, २२:५०

चहाटपरींना अनुमोदन देऊन मुद्द्यावर येतो.

या संस्था एका माळेतल्या नाहीत. कामाच्या पद्धतीवरून पाहिलं तर गोंधळ कमी होतो.

पगवॉश ही शास्त्रज्ञांची बंद दाराआडची बैठक. अण्वस्त्रांविरुद्धच्या १९५५ च्या रसेल-आइनस्टाइन जाहीरनाम्यातून निघाली. पहिली बैठक जुलै १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश गावी झाली, १० देशांचे २२ जण होते. मुळात ती दिल्लीत व्हायची होती, नेहरूंनी आमंत्रणही दिलं होतं. सुएझ कालव्यावरून झालेल्या युद्धाच्या पेचामुळे बारगळली. १९९५ चं शांतता नोबेल पगवॉश आणि जोसेफ रॉटब्लाट यांना विभागून मिळालं. इथे माणूस निमंत्रणावरून जातो. वाचनगटाला जोडून घेण्यासारखं काही नाही, पण व्याख्यानाला विषय उत्तम आहे : १९४४ अखेर अमेरिकेचा अणुबॉम्ब बनवणारा मॅनहॅटन प्रकल्प नैतिक कारणावरून सोडून जाणारा शास्त्रज्ञ म्हणून रॉटब्लाटच ओळखला जातो.

आयपीपीएनडब्ल्यू ही डॉक्टरांची. १९८० मध्ये अमेरिकेचे बर्नार्ड लाउन आणि सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी सुरू केली, १९८५ चं नोबेल. भारतातली तिची शाखा म्हणजे इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट. वक्ता हवा असेल तर इथे विचारा.

आयकॅन ही संस्थांची आघाडी, २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातून सुरू झाली. ध्येय एकच ठेवलं : अण्वस्त्रं बेकायदा ठरवणारा करार. ७ जुलै २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांत १२२ विरुद्ध १ मतांनी तो मंजूर झाला (विरोधी मत नेदरलँड्सचं, सिंगापूर तटस्थ). त्याच वर्षी नोबेल. पन्नास देशांचं अनुमोदन पूर्ण झाल्यावर २२ जानेवारी २०२१ पासून करार लागू आहे. व्यक्तीला भागीदार होता येत नाही, संस्थेला होता येतं. आणि कराराला पाठिंबा लिहून द्यावा लागतो. तुमच्या गटात त्यावर एकमत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सीएनडीपी म्हणजे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर, नोव्हेंबर २००० मध्ये दिल्लीत झालेली भारतीय आघाडी. प्रफुल्ल बिडवई, अचिन वनाईक, अ‍ॅडमिरल रामदास ही त्यातली नावं. ती अणुऊर्जा प्रकल्पांच्या विरोधातही उभी राहते, जैतापूर-कुडनकुलमसह. आयकॅन ऊर्जेच्या प्रश्नात पडत नाही. वाशीत कार्यक्रम करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरेल, कारण अर्धे श्रोते ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, नोकरी केलेले असणार.

कोपरीपूल | २ जुलै, २३:२२

माहिती चोख. पण मुळातच शंका आहे. १९८६ मध्ये जगात ७० हजार अण्वस्त्रं होती, आज १२ हजारांच्या घरात आहेत. ही घट मोर्च्यांमुळे झाली की सोव्हिएत तिजोरी रिकामी झाल्यामुळे? आणि शेजारी पाकिस्तानकडे १७० च्या आसपास, वर चीनकडे ६०० असताना आपण ठाण्यात दिवे सोडून काय साधणार? ज्या करारावर नऊपैकी एकाही अण्वस्त्रधारी देशाची सही नाही, तो म्हणजे शाकाहारी लोकांनी मांसाहारावर घातलेली बंदी.

चहाटपरी | २ जुलै, २३:२५

कोपरीपूल, आषाढात असं बोलू नये. गटारी तोंडावर आहे.

बेलापूरकर | ३ जुलै, ०९:०५

कोपरीपूल, "भारताने एकट्याने टाकून द्या" असं यांतली कुठलीच गंभीर संस्था म्हणत नाही. शिवाय ही मागणी बाहेरून आलेलीही नाही. २ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव लोकसभेत मांडला. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत सगळी अण्वस्त्रं टप्प्याटप्प्याने नष्ट करण्याची योजना दिली. ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालेल्या धोरणात "आम्ही पहिला वापर करणार नाही" हे आहे, आणि अण्वस्त्रमुक्त जगाचं उद्दिष्टही आहे. कार्यक्रमपत्रिकेवर या तीन तारखा छापा. "कुणाच्या बाजूचे" हा प्रश्न दारातच संपतो.

अजून एक. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. एकमेकांच्या केंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ चा, लागू २७ जानेवारी १९९१ पासून. त्यानंतर कारगिल झालं, २६/११ झालं, तरी यादी थांबलेली नाही. ट्रॉम्बे ज्यांना खिडकीतून दिसतं त्यांना तरी हे माहीत असावं.

कोपरीपूल | ३ जुलै, ०९:४०

त्याच धोरणात रासायनिक-जैविक हल्ल्याला अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला आहे, तेही छापा मग. अर्धं छापू नका.

बेलापूरकर | ३ जुलै, ०९:४८

मान्य. छापावंच.

चार्टर्ड_मोरे | ३ जुलै, ११:१७

कागदपत्रांबद्दल. एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी संस्था नोंदवायची काहीही गरज नाही. एखाद्या नोंदणीकृत ग्रंथालयाच्या किंवा मंडळाच्या नावाने सभागृह घ्या, पावती त्यांच्या नावाने, हिशेब त्यांच्या वहीत. पुढे दरवर्षी करायचं ठरलं तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तेवढ्याने भागत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदावं लागतं. दरवर्षीचा बदल अर्ज आणि हिशेबपत्रकं न भरल्यामुळेच निम्मी मंडळं अडकतात. उत्साह असतो तेव्हा खजिनदार मिळतो, तिसऱ्या वर्षी मिळत नाही.

परदेशी संस्थेशी नुसतं नाव जोडणं, त्यांचा मजकूर वापरणं यावर बंदी नाही. पैसा किंवा वस्तू आली की परकीय योगदान कायदा २०१० लागू होतो. त्याची नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च केलेला हवा. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एकाने घेऊन दुसऱ्याला वाटायला २०२० पासून बंदी आहे. वाचनगटाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे.

इथे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. "पैसे नको, फक्त पोस्टरांची पेटी पाठवा." कायद्यात वस्तूही योगदानच आहे, आणि 'देणं' या शब्दात नुसतं सुपूर्द करणंही बसतं. वर सीमाशुल्काचा वेगळा ताप. त्यामुळे पेटी मागवू नका. फाइल उतरवून घ्या आणि इथे छापा.

फक्तवाचक | ३ जुलै, ११:२०

पहिल्यांदाच एखाद्या शांततेच्या धाग्यावर सीए आलेला पाहिला. वाचनखूण साठवली.

निवृत्तीनाथ_टाइप२ | ३ जुलै, १३:०२

श्रोत्यांत ट्रॉम्बेवाले असणार असं वर लिखितंग म्हणाले. नोकरीत असलेल्यांना व्यासपीठावर बोलवू नका. केंद्रीय सेवा आचरण नियम १९६४ मधला नियम ९ सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला मनाई करतो, नियम ७ निदर्शनांबद्दल आहे. ऐकायला यायला हरकत नाही, पण निवेदनावर सही मागून त्यांना अवघडायला लावू नये. सह्यांचा तक्ता दारात न ठेवता आतल्या कोपऱ्यात ठेवा, ज्याला करायची तो जाऊन करेल.

आणि मांडणीत ऊर्जा, औषध आणि शस्त्र यांची खिचडी नको. कॅन्सरच्या रुग्णाला दिलेला आयसोटोप आणि बॉम्ब एकाच फलकावर आले की जाणकार श्रोता तिथेच उठतो. मात्र उलट बाजूने "आमचं सगळं शांततेसाठीच" हेही चालणार नाही. १९७४ च्या चाचणीचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलं होतं, आणि ती भट्टी कॅनडाने शांततामय वापरासाठी म्हणून दिलेली होती.

सलाईन | ३ जुलै, १४:३६

डॉक्टर वक्ता आला तर त्याला एकच गणित फळ्यावर करायला सांगा.

भाजलेल्या माणसाला पहिल्या २४ तासांत शिरेतून किती द्रव लागतो, याचं नेहमीच्या वापरातलं सूत्र : ४ मिली × वजन किलोत × भाजलेल्या त्वचेची टक्केवारी. ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला तर ४ × ६० × ४० = ९६०० मिली. अर्ध्या लिटरच्या रिंगर लॅक्टेटच्या १९-२० बाटल्या. त्यातला निम्मा द्रव भाजल्यापासूनच्या पहिल्या आठ तासांत जायला हवा. दवाखान्यात पोचल्यापासूनच्या नव्हे, ही चूक निवासी डॉक्टरही करतात. असे दहा हजार रुग्ण एकदम आले तर एका दिवसात सुमारे १ लाख ९२ हजार बाटल्या. ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तिथे लांबलांबून रुग्ण येतात. तिथला माणूस तुम्हाला सांगेल की गंभीर भाजलेल्या एका रुग्णामागे रोजचं ड्रेसिंग, भूल, त्वचारोपण, जंतुसंसर्ग असं आठवडेच्या आठवडे चालतं.

हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनचा. १९४५ संपेपर्यंत तिथे अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली, नागासाकीत ७० हजार. शहरातले बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका पहिल्या मिनिटातच मेले किंवा जखमी झाले. आयपीपीएनडब्ल्यूचा सगळा युक्तिवाद यावरच उभा आहे : उपचार शक्य नाही, म्हणून प्रतिबंध. राजकारणाचा एक शब्द न काढता हे मांडता येतं.

कोपरीपूल | ३ जुलै, १५:१०

हे मात्र पटलं. भाषणापेक्षा त्या बाटल्यांचा आकडा लक्षात राहील.

नौपाडेकर | ३ जुलै, १९:२५

परवानग्यांचं सांगतो. सभागृहातल्या कार्यक्रमाला मोर्च्याची परवानगी लागत नाही, तरी स्थानिक पोलिस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे पत्र द्या आणि आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. पत्रात वेळ, अंदाजे संख्या, वक्त्यांची नावं, एका जबाबदार माणसाचा फोन. "शांतता फेरी" काढायची असेल तर गोष्ट वेगळी. आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात. एक आदेश जास्तीत जास्त पंधरा दिवसांचा, मग नवा. तो चालू असेल तर पाच किंवा अधिक माणसांच्या जमावालाही परवानगी लागते. मार्गाचा नकाशा जोडा, वाहतूक शाखेचा ना-हरकत वेगळा, ध्वनिक्षेपकाचा अर्ज वेगळा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात ध्वनिक्षेपक नाहीच.

अर्ज दहा-बारा दिवस आधी टाका, आणि ऑगस्टचं कॅलेंडर बघून टाका. १५ ऑगस्टचा बंदोबस्त, पुढे-मागे दहीहंडी, मग गणपती. नागासाकी दिन ९ ऑगस्टला घ्यावा असं कुणाच्या मनात असेल तर त्या दिवशी क्रांती दिन आणि जागतिक आदिवासी दिन दोन्ही असतात, जिल्ह्यात मिरवणुका असतात, तुमच्या चाळीस माणसांसाठी पोलिस कुठून आणणार? ६ तारीखच बरी.

सुगरणनव्हे | ४ जुलै, ००:१२

कोपरीपूल यांच्या पहिल्या प्रश्नाला कुणी नीट उत्तर दिलं नाही, म्हणून लिहिते. मोर्च्यांनी काय होतं?

१ मार्च १९५४. अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अपेक्षा ६ मेगाटनची होती, झाला १५ मेगाटन. राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, २३ खलाशी. त्यांतला एक सप्टेंबरात वारला. बोटीतला ट्यूना बाजारात पोचलेला होता. पाठोपाठ इतर बोटींच्या माशांतही किरणोत्सर्ग सापडला, मासे पुरायची वेळ आली, आणि टोकियोतल्या मासळीविक्रेत्यांचा धंदा बसला. सुगिनामी नावाच्या वॉर्डात मासळीवाले आणि गृहिणी एकत्र आल्या. सह्यांचा मसुदा मुद्दाम एवढाच ठेवला : हायड्रोजन बॉम्ब बंद करा. कुठल्या देशाचा ते लिहिलं नाही, कुठल्या पक्षाचं नाव नाही. दोनेक महिन्यांत एका वॉर्डात अडीच लाखांच्या वर सह्या, आणि ऑगस्ट १९५५ पर्यंत देशात तीन कोटींच्या वर. त्यातून हिरोशिमाची पहिली जागतिक परिषद झाली, आणि पुढच्या वर्षी १० ऑगस्टला नागासाकीत बॉम्बग्रस्तांची स्वतःची संघटना निघाली, निहोन हिदान्क्यो. तिला नोबेल मिळालं २०२४ मध्ये. एवढा उशीर की आज हयात बॉम्बग्रस्त लाखाच्या खाली आले आहेत आणि त्यांचं सरासरी वय ८६ च्या वर आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईसचं. चाचण्यांच्या धुळीतलं किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम-९० गवतात, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जातं, कारण शरीर ते कॅल्शियम समजून घेतं. हे सिद्ध करायचं तर हाडं कुठून आणणार? तिथल्या नागरिक समितीने १९५८ अखेर दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. मुलाने दात पाठवायचा, सोबत आईने जन्मतारीख आणि बाळ आईच्या दुधावर होतं की बाटलीच्या हे कार्डावर भरायचं, बदल्यात मुलाला बिल्ला. सुमारे ३ लाख २० हजार दात जमले. चाचण्या वाढल्या त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढलेलं दिसलं. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला. तो फक्त दातांमुळे झाला असं म्हणणं बाळबोध होईल, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेला पेच आधीच्याच वर्षीचा होता. पण अमेरिकेतल्या घराघरात विषय पोचला तो दुधामुळे.

लिखितंग | ४ जुलै, ०९:३०

सुगरणनव्हे, उत्तम. याला जोडून फाटाफुटीचंही सांगायला हवं, कारण संस्था निवडताना तेच कामाला येतं. सुगिनामीच्या सह्यांतून जी जपानी परिषद उभी राहिली ती दहा वर्षांत तीन तुकड्यांत गेली. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने पुन्हा चाचण्या सुरू केल्या. प्रश्न आला : "कुठल्याही देशाच्या" चाचण्यांना विरोध करायचा की समाजवादी देशाची चाचणी बचावाची म्हणून सोडून द्यायची? एक गट १९६१ मध्येच बाहेर पडला, समाजवाद्यांचा १९६५ मध्ये. त्या भांडणात बॉम्बग्रस्तांची संघटना बऱ्यापैकी शाबूत राहिली, कारण तिच्या मागण्या दोनच होत्या : अण्वस्त्रं नष्ट करा, आणि आमच्या उपचार-भरपाईची जबाबदारी सरकारने घ्या.

कुठल्याही संस्थेला हा एक प्रश्न विचारून बघा : ठरावात सगळ्या देशांची नावं सारखीच येतात का?

कोपरीपूल | ४ जुलै, १०:०२

म्हणजे मासे, दूध, दात. एकच गोष्ट धरली की चाललं, आणि "जागतिक शांतता, विषमता, पर्यावरण, बेरोजगारी" असं सगळं एका बॅनरवर घेतलं की कोसळलं. माझा विरोध कायम आहे, पण तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत आत्ता व्याख्यान, प्रदर्शन, दिवे, पक्षी, सह्या एवढं आहे. कापा.

चहाटपरी | ४ जुलै, १०:१५

बॅनरवरून आठवलं. शांततेचं ते गोल चिन्ह छापताना खालची मधली उभी रेघ विसरू नका. फ्लेक्सवाल्याने ती गाळली की मर्सिडीज होते. मग लोक परिषदेला येण्याऐवजी टेस्ट ड्राइव्ह मागतात.

लिखितंग | ४ जुलै, १०:२८

:) ते चिन्ह १९५८ मध्ये जेराल्ड होल्टम यांनी ब्रिटनच्या अण्वस्त्रविरोधी चळवळीसाठी काढलं. नौदलाच्या झेंडा-खुणांमधली एन आणि डी ही दोन अक्षरं एकावर एक : एकात दोन्ही हात तिरके खाली, दुसऱ्यात एक हात सरळ वर, एक सरळ खाली. ती उभी रेघ म्हणजे डी. स्वामित्वहक्क मुद्दामच घेतलेला नाही, बिनधास्त वापरा.

फ्लेक्सबंदी | ४ जुलै, १२:४४

प्रदर्शनाबद्दल. मेयर्स फॉर पीसच्या संकेतस्थळावर पोस्टरांच्या फाइली मिळतात, पण मजकूर इंग्रजी. मराठी पट्टी वेगळी करून खाली लावा. एका चित्राला ५०-६० शब्द पुरे. सातवीतलं मूल एका फलकासमोर अर्धा मिनिट थांबतं.

छपाई ए२ मापात, ३ मिमी सनबोर्डवर, मॅट लॅमिनेशन. चकचकीत घेतलं तर ट्यूबलाइटची तिरीप नेमकी चेहऱ्यावर पडते. ऑगस्टात डिस्टेंपरच्या भिंतीला दुहेरी टेप धरत नाही. दमटपणाने रात्रीत फलक खाली येतो आणि सोबत भिंतीचा पापुद्रा घेऊन येतो, मग अनामत गेली. त्यापेक्षा भिंतीपासून हातभर पुढे नायलॉनची दोरी ताणा आणि बाइंडर क्लिपांनी फलक लटकवा. मुलांसाठी फलकाचा मध्य जमिनीपासून १२० सेंमीवर, मोठ्यांसाठी १४५. दोन्ही येणार असतील तर १३० धरा. रिक्षातून आणताना फलक उभे ठेवा, आडवे ठेवले की वर कुणीतरी बसतंच.

जळालेल्या माणसांचे फोटो पाचवीच्या खालच्या मुलांना दाखवू नका. ते वेगळ्या आडोशाला ठेवा आणि बाहेर सूचना लावा. आणि महाजालावरचा प्रत्येक फोटो फुकट नसतो. हिरोशिमात त्या दिवशी योशितो मात्सुशिगे यांनी काढलेले पाचच फोटो आहेत. ते सगळीकडे दिसतात, पण परवानगी घेऊन वापरायचे आहेत. अमेरिकी सरकारी छायाचित्रकारांचे सहसा मुक्त असतात.

खाडीकाठ | ४ जुलै, २०:५१

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा फार पुढे गेला. कोपरीपूल, कापाकापी करतोय, सह्या आणि फेरी रद्द. कागदी पक्षी मात्र मुलांना हवेच आहेत. हजार करायचे तर कागद किती लागेल? आणि मासुंद्यातल्या दिव्यांचं कुणी सांगेल का?

घडीघालू | ४ जुलै, २२:०७

ए४ कागदातून ७ सेंमीचे १२ चौकोन निघतात (तीन आडवे, चार उभे). ८४ कागदांत १००८. पण ७ सेंमीचा पक्षी मुलांच्या बोटांना झेपत नाही. शाळेसाठी १० सेंमी घ्या, एका ए४ मधून चारच निघतात, म्हणजे २५० कागद. कागद ७० जीएसएम किंवा त्याहून पातळ. कार्डपेपर आणूच नका, मानेच्या घडीत आठ थर येतात आणि कागद फाटतो. चौकोन कटरने कापून घ्या, कात्रीने कापलेल्यात दोन मिमीचा फरक राहतो आणि चोच वाकडी येते. पावसात कागद आदल्या रात्री उघडा ठेवलात तर मऊ पडतो, घडी बसत नाही. हवाबंद डब्यात ठेवा.

मुलं अडतात ती एकाच जागी : चौकोनी पाया झाल्यावर वरचा थर उचलून पाकळी करताना. आधी दोन्ही कडा मध्यरेषेला दुमडून नखाने दाबून घ्यायच्या, टोक खाली दुमडून घ्यायचं, मग सगळं उलगडून पाकळी उचलायची. आधीची दाबणी कच्ची असेल तर इथे सुरकुती पडते.

ओवायचे असतील तर पंख उघडू नका आणि पोट फुगवू नका. सुई पोटाच्या भोकातून पाठीच्या टोकाला काढा. प्रथेप्रमाणे २५ माळा, प्रत्येकीत ४०. खाली मणी बांधा, नाहीतर सगळे घसरतात.

तलावपाळी_रात्री | ५ जुलै, ०७:५५

मासुंद्यासाठी पालिकेचा प्रदूषण नियंत्रण विभाग आणि बोटिंगचा ठेका ज्याच्याकडे आहे तो, दोघांशी बोला. थर्माकोलचा तराफा २०१८ च्या राज्यबंदीत येतो. केळीच्या खोडाचं सोपट वापरा, गणपतीच्या मखरवाल्यांकडे मिळतं. तळ १५ सेंमीचा, वरचा कागदी डोला १२ सेंमीपेक्षा उंच नको; उंच केला की पहिल्याच झुळकीला कलंडून पेटतो. एलईडीतले बटण-सेल पाण्यात गेले तर ते वेगळंच प्रदूषण. आणि प्रत्येक दिव्याला गळाचा दोरा बांधून दहा-दहाची रांग करा, रात्री ओढून घेता येते. मोकळे सोडलेले दिवे परत मिळत नाहीत आणि सकाळी पालिकेचा फोन येतो.

खरं सांगायचं तर ऑगस्टात निम्म्या संध्याकाळी पाऊसच असतो. सभागृहातच मोठ्या पितळी पराती ठेवा, एकीत पाच-सहा दिवे.

लिखितंग | ५ जुलै, १०:४०

मौनाच्या वेळेचं एक. बॉम्ब पडला सकाळी ८:१५ ला, जपानी वेळेने. आजच्या भारतीय वेळेने ते पहाटेचे ४:४५. शाळेत आपल्या घड्याळातल्या ८:१५ ला प्रार्थनेनंतर मिनिटभर मौन ठेवायला हरकत नाही, फक्त "याच क्षणी" असं निवेदनात म्हणू नका. मुलं हुशार असतात, जगाचा नकाशा त्यांनाही येतो.

बेलापूरकर | ५ जुलै, १२:१९

मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते या वर्षी कुणाशीच जोडून घेऊ नका. मजकूर मेयर्स फॉर पीसचा, वक्ता डॉक्टरांच्या संघटनेचा, नाव तुमचं.

पुढच्या वर्षी काही करायचं असेल तर मेयर्स फॉर पीस पालिकेमार्फत करता येईल. हिरोशिमाच्या महापौरांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ही शहरांची संघटना, आज आठ हजारांवर शहरं आहेत. नोंदणीच्या अर्जावर महापौरांची सही लागते, वर्गणी वर्षाला २००० येन. अडचण अशी की आपल्याकडे महापौर मानाचे, कारभार आयुक्तांचा. आणि नवी मुंबईत २०२० पासून, ठाण्यात २०२२ पासून बराच काळ प्रशासकच होते, सही करायला महापौरच नव्हते. नुसतं निवेदन दिलंत तर ते जनसंपर्क विभागात फिरत राहील. नगरसेवक गाठा, सूचक आणि अनुमोदक दोन वेगळ्या पक्षांचे घ्या, ठराव सचिव विभागामार्फत महासभेपुढे आणा. ठरावात वर्गणीचा आणि लेखाशीर्षाचा उल्लेख हवाच. दीड हजार रुपयांच्या आतली रक्कम आहे, पण परदेशात पाठवायची म्हटली की लेखा विभाग फाइल परत पाठवतो.

कोपरीपूल | ५ जुलै, १२:३३

दोन वेगळ्या पक्षांचे नगरसेवक एका ठरावावर? त्यापेक्षा पाकिस्तानशी करार सोपा आहे. तो तरी १९९१ पासून चालू आहे.

खाडीकाठ, व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवा आणि चीनचा प्रश्न टाळू नका. वक्त्याला आधीच कल्पना द्या. मी पहिल्या रांगेत असेन.

खाडीकाठ | ५ जुलै, १३:०४

ठरलं तर. नाव आपलं, बाटल्यांचं गणित फळ्यावर, पराती सभागृहात. कोपरीपूल, तुमची खुर्ची राखीव. घडीघालू, माळेला दोरा नायलॉनचा की सुती?

घडीघालू | ५ जुलै, १३:१५

सुती, हारवाले वापरतात तो. नायलॉनवर कागद घसरतो आणि गाठ सुटते. एका माळेला सव्वा मीटर घ्या, वर बांधायला वीतभर सोडा.